परवा पाणी

चंद्रावर राहणारी मुलं दिवसभर उड्या मारत असतात, असं पृथ्वीवरच्या माझ्या मावसभावाला वाटतं. खोटं नाही ते. पण त्या दिवशी मी जागची हलले नव्हते, कारण माझ्यासमोर कोडंच तसं होतं. दोन हुशार मदतनीस, दोघांनाही पैकीच्या पैकी गुण, मग पहिला नंबर कोणाचा?

हे मदतनीस म्हणजे माणसं नव्हेत. चकोर आणि टिटवी ही दोन एआय सहायकांची नावं. आपण साध्या मराठीत काम सांगायचं आणि त्यांनी त्याचा प्रोग्रॅम (यंत्राने काय, कधी आणि कसं करायचं याच्या सूचना) लिहून द्यायचा. आमच्या वस्तीत भाताचं एक दालन आहे. तिथल्या पाणी देणाऱ्या यंत्राचा जुना प्रोग्रॅम नव्या पंपांशी काही केल्या जुळवून घेईना. संध्याकाळपर्यंत नवा बसवायचा होता. तो कोणाचा घ्यायचा हे आजी ठरवणार होती. माझी आजी, डॉ. प्रमिला वाघचौरे, सॉफ्टवेअर तपासण्याच्या शास्त्रात मुरलेली आहे, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

दालनात आंबेमोहोर होता. पृथ्वीवरून आलेलं सगळं बियाणं आम्ही पेरलं होतं, मागे चिमूटभरही उरलं नव्हतं. रोपं मी स्वतः बाबांबरोबर लावली होती आणि आता ती फुलोऱ्यात आली होती. बाबा त्या दालनाचे शेतकरी. फुलोऱ्यात पाणी चुकलं तर दाणा भरत नाही, हाती नुसती पोचट टरफलं येतात, असं ते म्हणत. मला त्याची खरंच भीती वाटत होती.

माझं मत चकोरला होतं. काम सांगायचा अवकाश, की चुटकीसरशी प्रोग्रॅम हजर. टिटवी मात्र प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. पाणी म्हणजे पिण्याचं की शेतीचं? वाफा डावा म्हणजे कोणाच्या डावीकडचा? शेवटी दोघांच्याही तपासणीत सगळे दिवे हिरवे लागलेच होते. मग वेगवान तो घ्यावा, वेळ कशाला घालवायचा, असं मी आजीला सांगून टाकलं.

आजीने चष्मा कपाळावर सरकवला. "दिवे हिरवे लागले हे खरं. पण प्रश्न कोणी काढले होते?"

मी पाहिलं. चकोरचे प्रश्न चकोरनेच काढले होते आणि टिटवीचे टिटवीने. म्हणजे पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा आणि गुणही आपणच द्यायचे. गणिताची अशी परीक्षा असती तर मी दरवर्षी पहिली आले असते.

आजीने मग स्वतःचा पेपर काढला. याला गुप्त चाचणी म्हणतात (सोडवणाऱ्याने आधी न पाहिलेले प्रश्न). त्यात जुनी, गाजलेली उदाहरणं तिने मुद्दाम टाळली. असे सहायक शिकताना अफाट मजकूर वाचतात, त्यात ती उत्तरांसकट आलेली असू शकतात, आणि पाठांतर म्हणजे समज नव्हे. त्यानंतर तिने तेच काम दोघांना पुन्हा पुन्हा दिलं. हे सहायक दर वेळी थोडं वेगळं लिहितात, त्यामुळे एकदा बरोबर आलं हा योगायोगही असू शकतो. मग तिने चालत्या प्रोग्रॅममध्ये एक नवी सोय घालायला सांगितली. चकोरने दालनातले दिवे मंद करण्याची सोय छान घातली, पण त्या नादात पंप बंद करण्याची सूचनाच उडवून टाकली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. आजीने त्याचे गुण कापले. तरी वेगामुळे चकोर थोडा पुढेच राहिला आणि मला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं.

आजी म्हणाली की आतापर्यंतचे प्रश्न तिच्या भाषेतले झाले, नीटनेटके. यंत्राशी रोज बोलणारी माणसं असं बोलत नाहीत.

मी ताडकन उठले, म्हणजे छताला डोकं आपटलं. मला बाबांचे निरोप आठवले होते. दालनात तोंडावर हवेचा मास्क असतो, म्हणून बाबा यंत्राला अगदी तोडकं बोलतात. 'डावा वाफा, थोडं कमी.' 'पुरे.' त्यांचे जुने आवाजी निरोप आम्ही दोन्ही प्रोग्रॅमना ऐकवले आणि प्रत्येकाला एक आभासी शेत दिलं (संगणकात उभं केलेलं नकली शेत, जिथे अख्खा हंगाम काही मिनिटांत सरतो). खरं पीक पणाला न लावता चूक पाहायची ही युक्ती मला भारी आवडली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाबांचा एक निरोप आला: "परवा पाणी."

चकोरचं शेत पुढे सरकलं. पडद्यावरची हिरवी पानं पिवळी पडली, लोंब्या ताठ उभ्या राहिल्या आणि त्यात एकही दाणा भरला नाही. वरचा दिवा मात्र हिरवागार.

आपल्या मराठीत 'परवा मामा आला' असंही म्हणतात आणि 'परवा मामा येणार'ही. होऊन गेलेला परवा की येणारा, हे क्रियापद सांगतं, आणि बाबांनी क्रियापदच गिळलं होतं. चकोरने परवा पाणी देऊन झालं असं धरलं आणि पाण्याची पाळी वगळली. प्रोग्रॅम कुठेही अडखळला नाही, म्हणून दिवा हिरवा राहिला. तो बरोबर चालला का, हे दिव्याला कळतच नव्हतं.

टिटवीचं शेत थांबलेलं होतं. पडद्यावर एक ओळ होती: होऊन गेलेला परवा की येणारा?

मला आनंदाने नाचावंसं वाटलं. मग मीच गंमत म्हणून 'उद्या पाणी' असं सांगून पाहिलं, तर टिटवीने उद्या म्हणजे नक्की कधी, असं विचारलं. आजीने हसत तिचेही गुण कापले. अडलं तिथे विचारणं हे शहाणपण, पण उठसूट विचारणं हा वेळेचा अपव्यय. हे टिटवीला अजून शिकायचं होतं.

"म्हणजे चांगलं कोण?" मी विचारलं.

"नुसतं चांगलं कोण, असं विचारू नये," आजी म्हणाली. "कोणत्या कामाला चांगलं, आणि चुकलं तर आपलं काय जाईल, हे विचारावं. वाचनालयाच्या दिव्यांना चकोर चालेल. चुकला तर आपण हसू आणि दुरुस्त करू. करपलेला फुलोरा कसा दुरुस्त करशील?"

संध्याकाळी टिटवीचा प्रोग्रॅम बसला. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना कितीदा तरी अडवलं. बाबा कुरकुरले, पण उत्तरं देत राहिले. आजीने मला पुढच्या सहायकांचा पेपर काढायला बसवलं. पावणेदोनशे लिटर म्हणजे नेमके किती, हा माझा पहिला प्रश्न होता.

काही आठवड्यांनी बाबांनी मला दालनात बोलावलं. त्यांनी लोंबीतला एक कोवळा दाणा माझ्या हातावर ठेवला आणि दाबायला सांगितलं. मी नखाने दाबला. पांढरं दूध बोटावर आलं.

"भरला," बाबा म्हणाले. "हे सगळं बियाण्याला ठेवू. पुढच्या वर्षी दोन दालनं."