फळीवरची जागा

उत्तर समुद्रातल्या आमच्या फ्रिसियन बेटावर बचाव-होडीच्या शेडमध्ये ओकची एक फळी आहे. जे होडी घेऊन गेले आणि परतले नाहीत, त्यांची नावं तिच्यावर आहेत. दर वसंतात ती काळ्या रंगाने गिरवणं हे आमच्या घराकडचं काम. अक्षरं आजोबांनी १९२६च्या एका शर्यतीच्या पोस्टरवरून उचललेली: उंच, सडपातळ, एकमेकांना खेटून उभी. गोलाई औषधालाही नाही, सगळे कोनच कोन. कमी जागेत जास्त नावं मावतात, म्हणून आजोबांनी हीच निवडली. तरी फळी भरली. शेवटचं नाव आमच्या बाबांचं. त्यांच्यापुढे बोटभरही जागा नव्हती, आणि मला त्याचंच बरं वाटायचं.

यंदा बाबांच्या पुढे वीतभर जागा होती.

मी पट्टी लावली. ओळीतली सगळी अक्षरं जराजरा अरुंद झाली होती, बाकावर माणसं सरकून बसतात तशी. माझा भाऊ ट्यर्क होडीच्या पथकात आहे. त्याचं नाव मनातल्या मनात मांडून पाहिलं. तंतोतंत बसलं.

त्या जागेत मी जहाजाचा जाडजूड नांगर रंगवून टाकला. दुसऱ्या दिवशी अक्षरं आणखी आक्रसली होती. नांगरापुढे पुन्हा तेवढीच वीत.

"ट्यर्क, तू काही दिवस होडीवर जाऊ नकोस."

"ताई, तूच अक्षरं बारीक काढलीस. डोळे तपासून घे जरा."

शेडमध्येच कॉफी पीत बसलेला रिनर्ट होक्स्ट्रा खो खो हसला. हा आमचा बेकरीवाला, होडीवरचा राखीव गडी.

"तू काय हसतोस?" ट्यर्क म्हणाला. "एवढं लांबलचक नाव! ते मावेल अशी जागाच नाही फळीवर. म्हणून तर तू मरत नाहीस लेका!"

मला हसू येईना.

दुपारी तीनला पेजर वाजला. कोळंबी पकडणारी बोट वाळूच्या पट्टीवर रुतली होती. ट्यर्कने जाकीट ओढलं. मी फळीसमोर शिडीवर होते. काय बोलून त्याला अडवणार होते मी? मी हात सोडून दिले.

पडले. खरंच लागलं.

"ताई!" तो धावत आला, माझं डोकं मांडीवर घेतलं.

"तू ताईला बघ, मी जातो," रिनर्ट म्हणाला. त्याच्या मनगटांना अजून पीठ होतं.

होडी पाण्यात गेली. ट्यर्क डॉक्टरांना फोन लावत होता. वाचला माझा भाऊ. सुटले मी एकदाची. डोळे उघडले तर फळी समोरच होती.

बाबांचं नाव काड्यांएवढं बारीक झालं होतं. पुढची जागा आता दीड वीत.

"रिनर्ट!" मी ओरडले. "परत ये!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? मी निरोप देतेय असं वाटून त्याने पिठाचा हात उंच करून हलवला.