नऊ नंबरचं हसू

बसा. चपला राहू द्या पायात, फरशी अजून ओली आहे. पॅनल न्यायला आलात ना? तुमच्या कार्यालयाचं पत्र मिळालं मला. दवाखान्याची वस्तू घरी ठेवणं म्हणजे चोरी, असं लिहिलंय. बरोबरच लिहिलंय. ते काय, त्या लोखंडी कपाटात आहे, आणि किल्ली माझ्या कमरेला. मिळणार नाही. पण एवढ्या उन्हातून आलात तर ऐकून जा. चार वाजायला अजून अवकाश आहे.

बावीस वर्षं मी गळ्याच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे माणसाचा आधी आवाज जातो, मग तो बरा होतो. गळ्याला छोटं भोक, त्यात नळी, श्वास त्या नळीतून. आठ-दहा दिवस तोंडातून शब्द फुटत नाही. त्यात बंदर जवळ, कुठून कुठून माणसं येतात. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आणि कळली तरी बोलायला आवाज कुणाला आहे? पूर्वी प्रत्येक खाटेला घंटीची दोरी असायची. ओढली की आम्ही पळायचो.

तुम्ही लोकांनी दोऱ्या काढल्या आणि पॅनल लावली. तळहाताएवढी काच, तिच्यावर बारा इमोजी. हसरा, रडका, तहानलेला, घाबरलेला, असे. पेशंटने बोट ठेवलं की आमच्या टेबलावरच्या पडद्यावर खाटेचा नंबर आणि तो चेहरा उजळायचा. तुमचे मोठे साहेब भाषण करून गेले, की आता सगळ्या जगाची एकच भाषा झाली, दुभाष्याची कटकट संपली. खोटं कशाला बोलू, मीही टाळ्या वाजवल्या. अक्षरओळख नसलेली एक म्हातारी तहानेच्या चेहऱ्यावर बोट ठेवून पाणी मागायला लागली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

पण फेरीचा नियमही तुमचाच. दर फेरीला प्रत्येक खाटेसमोर एक चेहरा पडलाच पाहिजे, नाहीतर तक्ता बंद होत नाही, आणि तक्ता बंद झाल्याशिवाय पाळी सुटत नाही. पेशंट झोपला असेल तर? मग आम्हीच टेबलावरून हसरा दाबायचो. उठायचीही गरज नाही. त्याला आम्ही ‘हसू टाकणं’ म्हणायचो. चहात साखर टाकावी तसं.

नऊ नंबरला जहाजावरचा एक आचारी होता. दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. त्याची भाषा वॉर्डात कुणालाच येत नव्हती. पॅनलला त्याने कधी बोट लावलं नाही. काही हवं असलं की खाटेच्या दांड्यावर दोनदा टकटक करायचा आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघायचा. मला कळायचं. पाणी, उशी, खिडकी… बघितलं की सगळं कळतं हो माणसाचं.

त्या दिवशी दोघी जणी रजेवर होत्या. मी टेबलाला खिळलेली, एका कानाला फोन. सकाळच्या फेरीला त्याचं हसू टाकलं, दुपारी दोनला टाकलं, साडेतीनला टाकलं. चार वाजता औषध घेऊन गेले तर त्याची मूठ दांड्यावर तशीच होती. गार. नळी कफाने बंद झाली होती. किती वेळ टकटक केली असेल… मी फोनवर होते. चौकशीत तुमच्याच माणसांनी तक्ता पुढे केला, की साडेतीनला पेशंट खुशीत होता. ते हसू मी टाकलं होतं, हे मी सांगितलं नाही.

तो गेल्याच्या आठव्या दिवशी दुपारी चारला पडद्यावर नऊ नंबर उजळला. खाट रिकामी. गादी उन्हात टाकलेली. चेहरा कोणता, तर हसरा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुरुस्तीवाला आला, पॅनल बदललं, वायर बदलली. पुन्हा. पोरी त्या कोपऱ्यात जाईनात. जंतुनाशकाच्या वासातही तिथे फोडणी करपल्यासारखा वास यायचा, अगदी बारीक. मी भिणाऱ्यातली नाही. गेले आणि त्या रिकाम्या खाटेला तोंडावर सुनावलं, काय हवंय ते नीट सांग, उगाच हसू नकोस. काच काळीच राहिली.

मग माझी धाकटी बहीण आमच्याच वॉर्डात आली. गळ्यात गाठ. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून तीन चष्मे विकणारी बाई. हिचा आवाज आठवडाभर बंद म्हणजे मला भरपगारी रजा, असं तिचा नवरा म्हणायचा, आणि मागे जिन्यात जाऊन रडायचा. खाट एकच मोकळी होती. नऊ. मी मेट्रनशी भांडले, हात जोडले, शेवटी तोल सोडून बोलले. काही चाललं नाही.

तिसरा दिवस. दुपारचे साडेतीन झाले असतील. पंखे फिरत होते, सगळा वॉर्ड पेंगलेला. पडद्यावर नऊ उजळला. हसरा. शेजारची पोरगी म्हणाली, “बघा सिस्टर, धाकटीला बरं वाटतंय.” मलाही बरं वाटलं. तेवढ्यात पुन्हा हसरा. पुन्हा… पुन्हा… पडदा भरून गेला, खालून वर हसऱ्यांची रांगच रांग, थांबेचना. कुणी दार बडवावं तसं.

आणि तेव्हा मला उमगलं. त्या बारा चेहऱ्यांच्या भाषेत त्या आचाऱ्याच्या नावावर एकच शब्द होता. तोही त्याचा नव्हे, मी टाकलेला. त्याला ‘धावा’ म्हणायचं असलं तरी तो काय म्हणणार?

मी पळाले. धाकटीचे ओठ निळे पडले होते, डोळे पांढरे. हात खाली लोंबत होता आणि पॅनल खाटेखाली पार भिंतीला जाऊन पडलेलं, काच जमिनीकडे. आतली नळी काढली, मशीनने ओढलं, कफाचा गठ्ठा आला आणि तिने श्वास घेतला. तिचे दोन्ही हात मी माझ्या हातांत घट्ट धरले होते. तेव्हा दांड्यावर आवाज झाला… टक… टक.

मी मान वर केली नाही. एवढंच म्हटलं, “कळलं रे बाबा. या वेळी कळलं.”

त्याच संध्याकाळी मी लिहून दिलं. नऊ नंबरची तिन्ही हसू माझ्या बोटाची, पेशंटला मी बघितलंसुद्धा नव्हतं. खाली सही. दुसऱ्या दिवसापासून हसू टाकायला नकार दिला आणि पुरावा म्हणून नऊ नंबरचं पॅनल घरी आणलं. तुम्ही मला कामावरून बाजूला केलंत. मेट्रन रोज फोन करते, कागद मागे घे, पोटावर पाय येईल. येऊ दे. बावीस वर्षं सुया टोचल्यात मी, कागदाला भिऊ?

धाकटी बरी आहे. पुन्हा बोलून डोकं खाते.

वाजले बघा चार. ही बॅटरी, मी काढून ठेवली होती. धरा, तुमच्याच हातात राहू द्या. आता कपाट उघडते… आलं? हसरा. दचकू नका. काचेवर खाली नंबरही उमटतो, तो वाचा.

नऊ नाही ना? मी लिहून दिलं त्या दिवसापासून नऊ परत आला नाही. सुटला बिचारा. हा चौदा आहे, चार दिवस झाले. चौदा नंबरची बाई मेली नाही हो. गेल्या महिन्यात स्वतःच्या पायांनी घरी गेली. सोडण्याआधी पॅनलवर चेहरा लागतो, तुमचा नियम. नवरा पिशव्या घेऊन दारात उभा, एकसारखा तिच्याकडे बघत होता. ती पॅनलवर बोट ठेवायला तयार नव्हती. नुसती माझ्याकडे बघत राहिली, घरी जायचं नाही असं. खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता… मी टाकलं हसू.

तिचा पत्ता तुमच्या फायलीत आहे. चार दिवस मागतेय, कार्यालय म्हणतं नियमात बसत नाही. बघा, पुन्हा आलं… काल एवढ्या भराभर येत नव्हतं. पॅनल मिळणार नाही साहेब. पत्ता काढा. मी चपला घालतेय, तुमच्या पायात आहेतच.