‘धन्यवाद’वर पडलेला बीप

बाई आत आल्या त्या पायपुसण्याला अडखळूनच. समोर खुर्ची होती, तरी उभ्याच राहिल्या.

"काल संध्याकाळी टीव्हीवर शिवी गेली ना, ती माझ्यामुळे गेली म्हणतात. दुपारी बैठक आहे. मला काढून टाकणार आहेत."

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. ती शिवी त्यांनीही ऐकली होती. अख्ख्या शहराने ऐकली होती. गप्पांच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून आलेला नट आपल्या जुन्या दिग्दर्शकाबद्दल बोलता बोलता घसरला आणि असा शब्द बोलून गेला की भाऊजींच्या आईने रिमोट शोधण्याच्या घाईत चष्म्यावरच पाय दिला. प्रेक्षक हसले, नटाने हात जोडले, ‘धन्यवाद’ म्हणाला, आणि बीप पडला तो त्या ‘धन्यवाद’वर! उघडा शब्द असा, तर झाकलेला कसला असेल, याच विचाराने लोकांना रात्री झोप लागली नाही.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांगा."

वहिनी म्हणजे भाऊजींच्या मोठ्या भावाची बायको. गुप्तहेरीचा धंदा त्यांचा, भाऊजी मदतनीस. मदत म्हणजे गाडी चालवायची आणि चुकीचे अंदाज बांधायचे. दुसरं काम ते अगदी मनापासून करत.

बाई बसल्या. टीव्ही-वाहिनीत त्यांना सगळे बीपताई म्हणत.

"कार्यक्रम थेट असतो, पण घराघरात काही क्षण उशिरा पोचतो," त्या म्हणाल्या. "स्टुडिओतला शब्द आधी माझ्या कानात येतो. वाईट असला की मी कळ दाबते. मग यंत्र स्टुडिओतून नुकत्याच आलेल्या त्या शब्दावर बीप चढवतं आणि मगच तो बाहेर सोडतं."

"म्हणजे जगाला बीप आणि तुम्हाला शिवी!" भाऊजी म्हणाले.

"हो ना. इतक्या वर्षांत सगळ्यांच्या शिव्या उघड्यावाघड्या ऐकल्या. समोर पडदा असतो, पण मी डोळे मिटून बसते. चित्र बघितलं की कान ढिले पडतात."

"आणि काल?"

"पहिल्या भागात तो एकदा घसरला होता, ते मी बरोबर झाकलं. मग त्याच्या सिनेमाची चित्रफीत लागली. तेव्हा मला काम नसतं, म्हणून मी पाणी प्यायला गेले. परत आले, मग ब्रेक झाला. ती साबणाची जाहिरात आहे ना, तिच्या गाण्यावर मी मान डोलवत होते. पुढचा भाग सुरू झाला, त्याने शिवी दिली, मी तत्क्षणी कळ दाबली. बीप वाजलासुद्धा, मी माझ्या कानांनी ऐकला! पण तो पडला पुढच्याच शब्दावर. माझं काय चुकलं तेच कळत नाही हो."

"नंतर कोण आलं?"

"आमचे नियमसाहेब. पडद्यावर काय दाखवायचं नि काय नाही, ते बघणारे. बिचारे धावत आले. माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, वायर उपटून पुन्हा खोचली, कानाला लावला, म्हणाले, ‘हा तर छान चालतोय, बाई!’ मग तंत्रज्ञ आले. त्यांनीही बघितलं, सगळं जागच्या जागी."

एवढं सांगून त्यांचा बांध फुटला. "नोकरी जाईल ती जाईल. पण माझे बाबा जन्मभर शाळामास्तर. घरात कुणी ‘गाढव’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. काल रात्री फोन केला तर त्यांनी तो उचललाच नाही. दुपारी मला काढलं की तो शब्द कायमचा माझ्या नावावर लागेल."

वहिनी पदर खोचून उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

वाहिनीच्या मालकीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. "बैठकीपर्यंत कुणालाही काहीही विचारा," त्या म्हणाल्या. "पण मला कुणाचा तरी राजीनामा हवाय."

आधी गाठला तो निर्माता. गडी नुसता खुशीत होता.

"शिवी वाईटच हो," तो हसू दाबत म्हणाला. "पण लोक कार्यक्रमाचं नाव घेतायत! चित्रफितीच्या वेळी मी नटाला समजावत होतो, जिभेला आवर घाल म्हणून. सगळा स्टुडिओ साक्षीला आहे. आणि फायदा काय माझा एकट्याचा झाला? नियमखातं बंद करायचं घाटत होतं. तक्रारच येत नाही, मग पोसायचं कशाला? आता कसलं बंद! साहेबांनी सकाळीच माणसं वाढवून मागितलीत."

"हाच चोर," बाहेर पडताच भाऊजी म्हणाले.

"तुम्ही म्हणताय म्हणजे हा सुटला," वहिनी म्हणाल्या.

निवेदिका आरशासमोर बसली होती. तिचा चेहरा पडलेला होता.

"ताईंविरुद्ध बोलायला जिवावर येतं. पण ब्रेकमध्ये मी माइकवरून त्यांना बजावलं होतं, ‘ताई, सांभाळा, हा पुढे बहकणार आहे.’ आमचं ब्रेकमधलं सगळं त्यांना ऐकू जातं. परवा मी नणंदेच्या चहाड्या केल्या, तर नंतर मला भेटून पोट धरून हसल्या. मग काल लक्ष कुठे होतं त्यांचं?"

भाऊजींनी सुस्कारा सोडला. अशीलच बुडणार, अशी त्यांची खात्री झाली. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र तरतरी आली.

तंत्रज्ञ बीपताईंच्या खोलीतच होता. खोली कपाटाएवढी: एक खुर्ची, एक पडदा, एक लाल कळ, आणि भिंतीत वायर खोचायला दोन भोकं.

"वरचं स्टुडिओच्या आवाजाचं," तो म्हणाला. "खालचं बाहेर जाणाऱ्या आवाजाचं, म्हणजे घरी ऐकू येतो तो. यंत्र तपासताना आम्हीच वापरतो. चित्रफितीच्या वेळी मी दिव्यांच्या शिडीवर होतो. शिवीनंतर आलो तेव्हा वायर वरच्याच भोकात होती. देवाशपथ!"

"तुमच्या आधी साहेब आले होते?"

"मी दारात पोचलो तेव्हा ते हेडफोन खाली ठेवत होते."

शेवटी नियमसाहेब. केबिन झकपक, आवाज मधाळ.

"मला फार वाईट वाटतं हो बाईंचं. पण वय झालं की कान दगा देतात. आपल्याला त्या वायरींतलं ओ की ठो कळत नाही, पण माणसं कळतात. चित्रफितीच्या वेळी ना? इथेच होतो, एकटा. संस्कृतीची राखण करायची तर काम संपत नाही."

"आणि नंतर त्यांच्या खोलीत गेलात?"

"धीर द्यायला गेलो. दुसरं काय करणार?"

दुपारी बैठक भरली. मालकीणबाईंपुढे बडतर्फीचा कागद होता. बीपताई कोपऱ्यात मान खाली घालून उभ्या होत्या.

"सही करायच्या आधी माझे दोन शब्द ऐका," वहिनी म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तुमची तयारी झाली आहे."

"बाईंनी कळ उशिरा दाबली, हे त्याच कबूल करतात," निर्माता म्हणाला.

"त्यांनी ऐकल्याबरोबर दाबली. त्यांना ऐकूच उशिरा आलं." वहिनींनी बीपताईंकडे पाहिलं. "ताई, काल तुम्ही बीप कानांनी ऐकलात. त्याआधी या नोकरीत, त्या खुर्चीत बसून, कधी ऐकला होता?"

बीपताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! कधीच नाही. मला तर नुसत्या शिव्याच ऐकू येतात!"

"बरोबर. बीप चढतो नंतर, आणि तो ऐकू येतो घरी बसलेल्यांना. ब्रेकमध्ये रोज तुम्हाला स्टुडिओतल्या गप्पा ऐकू येतात, काल साबणाचं गाणं ऐकू आलं. निवेदिकाबाईंनी दिलेला इशारा मात्र आलाच नाही. म्हणजे वायर खालच्या भोकात होती. शिवी तुमच्या कानात पडली तेव्हा ती घराघरात पोचलेली होती. तुम्ही कळ दाबलीत, यंत्राने नुकताच आलेला शब्द झाकला, आणि तो होता ‘धन्यवाद’."

तंत्रज्ञ ताडकन उभा राहिला. "पण मी बघितलं तेव्हा वायर वरच्या भोकात होती!"

"होतीच. पहिल्या भागात वरच्या, बाई पाणी प्यायला गेल्यानंतर खालच्या, तुम्ही आलात तेव्हा पुन्हा वरच्या. शिवी गेल्यापासून तुम्ही येईपर्यंत त्या वायरीला एकाच माणसाचा हात लागला. त्याने ती उपटली आणि पुन्हा खोचली. ती त्याला चुकीच्या जागी सापडली. सरळ मनाचा माणूस असता तर ओरडून सांगितलं असतं, ‘अहो, वायर भलतीकडे आहे, बाईंचा दोष नाही!’ याने गुपचूप जागेवर लावली आणि म्हणाला, ‘छान चालतोय.’"

सगळ्यांच्या माना नियमसाहेबांकडे वळल्या.

"मला वायरींतलं..." साहेबांचा मध आटला होता.

"ओ की ठो कळत नाही, हो ना? तरी अचूक भोक सापडलं. आणि मला म्हणालात, नुसता धीर द्यायला गेलो होतो. वायरीचं नावही काढलं नाहीत. तुमचं खातं बंद होणार होतं, कारण या बाई एक शब्द निसटू देत नव्हत्या. तक्रार नाही, तर राखणदार कशाला? म्हणून चित्रफितीच्या वेळी वायर खालच्या भोकात खोचून तक्रार तुम्हीच पैदा केलीत. कुंपणानेच शेत खाल्लं, मालकीणबाई."

साहेब उठले, टेबलावर मूठ आपटली आणि वहिनींना उद्देशून एक शब्द बोलले. नटाचा शब्द त्याच्यापुढे अगदीच सोवळा होता. भाऊजींचे कान लाल झाले.

"झाली ओळख," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी कागदावरचं नाव खोडलं, तिथे दुसरं लिहिलं आणि सही केली. मग उठून बीपताईंचे दोन्ही हात धरले. "मी तुमची माफी मागते. काय हवं ते सांगा."

"शिवी साऱ्या जगासमोर गेली," बीपताई म्हणाल्या. या वेळी त्यांची मान ताठ होती. "माफीही जगासमोरच मागा."

संध्याकाळी तंत्रज्ञाला कळीपाशी बसवून बीपताईंना स्टुडिओत आणलं. निवेदिकेने सगळं जसं घडलं तसं सांगितलं, मालकीणबाईंनी कॅमेऱ्यासमोर हात जोडले, आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या थांबेचनात. कालचा नट खास आला होता. त्याने तोंड उघडलं तसा सगळ्यांचा श्वास अडकला, पण तो एवढंच म्हणाला, "ताई, चुकलो." भाऊजी मागच्या रांगेत रुमाल शोधत होते. तो वहिनींनी डोळ्यांना लावलेला होता.

मग प्रेक्षकांचे फोन घ्यायची वेळ झाली. पहिला आवाज म्हाताऱ्या माणसाचा आला, शब्द न् शब्द स्वच्छ.

"मला त्या बीपवाल्या बाईंबद्दल बोलायचं आहे."

"बोला ना आजोबा. आपण कोण?"

बीपताईंनी तोंडावर हात धरला होता.

"मी निवृत्त शिक्षक. काल मी तिचा फोन उचलला नाही, ती चूक माझी. आज सगळ्यांनी ऐका, ती माझी मुलगी आहे." मग तो आवाज थेट मुलीशीच बोलू लागला. "बाळ, काम आटोपलं की घरी ये. आम्ही जेवायचे थांबलोय."