रिकाम्या स्टुलाचा फोटो

थांब जरा. किती फोटो म्हणालास? चारशे? आणि एका फोटोवरचे डाग पुसून तेच पुसणं एका दमात चारशेंवर उतरवणार? माउस सोड आधी. तूही बस गं, तो मोबाईल ठेव बाजूला. नाहीतरी अंधार पडलाय, आता ऐकाच. माझ्या एका मित्राची गोष्ट आहे. माझ्या पदरचं त्यात काही नाही.

मित्राचा स्टुडिओ एका खोलीचा. मागे पांढरा पडदा, त्याच्यापुढे लाकडी स्टूल, समोर स्टँडवर कॅमेरा. हात चांगला होता गड्याचा, पण आळस हाडीमाशी मुरलेला. कॅमेऱ्याच्या आत चित्र उमटतं त्या सेन्सरवर धूळ बसली की प्रत्येक फोटोत ठरलेल्या जागी काळे ठिपके उमटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शहाणा माणूस सेन्सर साफ करतो. हा फोटो साफ करायचा. एकदा पुसायचं आणि सगळ्यांवर उतरवायचं. ही अक्कल त्याला कुणी शिकवली, ते येईलच पुढं.

एक दिवस एक मुलगी आईला घेऊन आली. आई शिवणकाम करणारी, दुखण्यानं पार खंगलेली. हनुवटीवर मिरीएवढा तीळ. त्या तिळाची बाईला जन्मभर लाज. कुणी कॅमेरा काढला की हात हनुवटीवर गेलाच म्हणून समजा. त्यामुळे घरात तिचा एक धड फोटो नव्हता. मुलगी म्हणाली, "आई, आज तरी हात काढ. माझ्यासाठी." बाईनं मित्राकडं पाहिलं, हसू नका हं म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवला.

सहा फोटो काढले. बाई जागची हलली नाही. रात्री यानं पहिल्या फोटोतले पाच ठिपके पुसले, तेच बाकीच्यांवर उतरवले, दुसऱ्या दिवशी लग्न होतं म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं केलं आणि झोपला. सेन्सरवर धूळ चारच जागी होती.

तीन आठवड्यांनी बाई गेली. मुलगी फोटो न्यायला आली आणि बघतच राहिली. आईचा तीळ कुठंय, विचारलं तिनं. काय झालं ते कळलं त्याला. चुकलो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण जीभ रेटेना. म्हणाला, "कॅमेऱ्याला दिसतं तेच येतं, ताई. तुमच्या मनात राहिलं असेल." मुलगी म्हणाली, असं कसं, रोज बघायचे मी. मग म्हणाली, रात्ररात्र झोप नाही, मीच बहुतेक... पुढं बोललीच नाही. फोटो घेऊन गेली. स्वतःचं झाकायला आई गेलेल्या पोरीला वेड्यात काढलं त्यानं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला, पण गप्प बसला.

सतरा नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. सकाळी शाळेचे फोटो काढायचे होते, म्हणून त्यानं एकदाचा सेन्सर साफ करायला घेतला. रबरी पंपानं हवा मारली, ओल्या पट्टीनं पुसलं, पडद्याचा फोटो काढून पाहिला. चार ठिपके गेले. एक राहिला, मधोमध, जरा खाली. पुन्हा पुसलं. राहिला. लेन्स बदलली. राहिला.

मग त्यानं कॅमेरा थोडा डावीकडं वळवला. धूळ सेन्सरवर असेल तर ठिपका फोटोत जागा सोडत नाही. हा सरकला. उजवीकडं. जसं खोलीतलं एखादं सामान सरकावं.

कॅमेरा पुन्हा सरळ केला. त्याच्या काचेला डोळा लावला. सेन्सरची धूळ डोळा लावून दिसत नसते...

दिसत होता.

बटण अर्धं दाबलं. कोऱ्या पडद्यावर फोकस बसत नाही, पोरांनो. धरायला काही नसतं. लेन्स नुसती घरघरत मागंपुढं करते. घरघरली. मागं. पुढं. मागं...

टिक.

फोकस बसला. लेन्सवरचा अंतराचा आकडा पाहिला त्यानं. पडदा तीन मीटरवर. आकडा दीड. दीड मीटरवर स्टूल होतं. रिकामं.

त्याचं बोट तसंच बटणावर. खोलीत आवाज नाही. काही नाही. फक्त... समोर कुणीतरी हलायचं नाही म्हणून बसलंय, असं वाटत राहिलं.

"मावशी..." म्हणाला तो. "मी पुसला. आणि खोटं बोललो."

बटण पूर्ण दाबलं गेलं.

पहाटे तो माझ्या फोटो छापायच्या लॅबच्या पायरीवर बसलेला, कॅमेरा मांडीवर. सगळं सांगितलं. मी भिंग लावून सेन्सर पाहिला. लख्ख, धुळीचा कण नाही. शेवटचा फोटो मोठा करून छापला. पांढरा पडदा, रिकामं स्टूल, आणि स्टुलाच्या वर, हवेत, मिरीएवढा डाग. स्टुलासारखाच रेखीव. मागचं सगळं धूसर.

आणि हो, ती एकावर पुसून सगळ्यांवर उतरवायची युक्ती माझी. मीच शिकवली होती, वर शेखीही मिरवली होती. त्यामुळे मित्राबरोबर मीही गेलो त्या मुलीच्या दारी. त्यानं मान खाली घालून सगळं कबूल केलं. मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी वेडी नव्हते." ओरडली असती तर बरं झालं असतं.

मित्रानं तो छापलेला फोटो पुढं केला. तिनं भिंतीवरच्या फ्रेममधून आईचा फोटो काढला. दोन्ही एकाच मापाचे. आईचा फोटो खिडकीच्या काचेला लावला, त्याच्यावर रिकाम्या स्टुलाचा. सकाळचं ऊन आरपार आलं.

डाग बरोबर हनुवटीवर बसला. केसाचाही फरक नाही.

मग मुलीनं त्या डागावर हलकेच बोट ठेवलं.

"बघा," म्हणाली, "तिनं तर हात काढला होता."