मेंढ्यांनी चाटलेले हत्ती

"सटवा, तुझ्या मेंढीनं हत्तीचा कान खाल्ला बघ," साखरा म्हणाली.

मेंढीने आणखी एकदा जीभ फिरवली आणि दगडी हत्तीच्या कानाचा उरलासुरला पापुद्रा खाली पडला.

गावाबाहेरच्या महादेवाच्या जुन्या देवळाला चारी बाजूंनी हत्तींची रांग कोरलेली होती. देवळाची पडायला आलेली एक भिंत गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आप्पारावांनी उन्हाळ्यात उतरवून पुन्हा रचली होती. पाऊस सरला, दिवाळीची सुट्टी लागली, आणि नेमक्या त्याच भिंतीवर पांढरी भुकटी फुलली. हत्ती झडू लागले.

"हसू नगं," सटवा म्हणाला. "गुत्तेदार म्हणतो, आमी देवळाच्या दगडावर मीठ टाकून मेंढरं चारतो, म्हणून दगड सडला. उद्या हैदराबादचा साहेब येणार हाय. त्याला दाखवून झालं की आमी हे रान सोडायचं, असं पाटील बोलले बापाला."

पाटील म्हणजे मोहनराव, साखराचे वडील. साखराचं हसू जागच्या जागी थांबलं. हे रान सुटलं तर सटवाचा बाप तात्याबा मेंढरं घेऊन जाणार कुठे?

"पण तुम्ही मीठ टाकता का?" भारतने विचारलं. साखराचा हा थोरला भाऊ बीडच्या शाळेत होता. सुट्टीत घरी आला की तो सगळ्यांची उलटतपासणी घ्यायचा.

"टाकतो की. मेंढराला मीठ लागतंच. पण ओढ्यापल्याडच्या सपाट दगडांवर. देवळात कावून टाकू?"

साखरा मान वर करून भिंत बघत होती. "दादा, पांढरं पार छताखालपर्यंत गेलंय. मेंढरं काय शिडी लावून चढली?"

"आमची मेंढरं लई हुशार हायेत," सटवा म्हणाला, "पण तेवढी न्हाईत."

भारतने बोटाला भुकटी लावून चाखली आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे. मग पलीकडची जुनी भिंत का चांगली? दोन्हीचा दगड एकच, पाऊसही एकच."

"चुना एक नाही," साखरा म्हणाली. "नवा चुना कुठं मळला होता आठव."

चुन्याचा घाणा, म्हणजे बैलांनी ओढायचं दगडी चाक, खाऱ्या विहिरीला लागूनच होता. त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, म्हणून गावातली एकही बाई तिथे घागर बुडवत नसे. गोडं पाणी नदीवरून आणावं लागे.

"नदी लांब, विहीर जवळ," साखरा म्हणाली. "गुत्तेदारानं बैलांचे हेलपाटे वाचवले."

"असं वाटून भागत नाही. दाखवता आलं पाहिजे," भारत म्हणाला.

सटवा भारतच्या खांद्यावर चढला. मेंढीची जीभ पोचणार नाही इतक्या उंचावरून, सांध्यातला मोकळा झालेला चुन्याचा खडा त्याने काढला. जुन्या भिंतीतूनही एक घेतला. दोन्ही वेगवेगळे कुटून नदीच्या पाण्यात भिजवले, फडक्यातून गाळले आणि साखराने आईच्या दोन कढयांत आटवले. जुन्या चुन्याच्या कढईत नावापुरता डाग उरला. नव्याच्या कढईत पांढरं जाडसर कवच धरलं. ते चाखून साखरा घटाघट पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथपंत आले. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे हे साहेब बोलत कमी आणि बघत जास्त. आप्पारावांनी मेंढरांची कहाणी सांगितली. मोहनराव होकारार्थी मान डोलवत होते. तात्याबा फेटा हातात घेऊन उभा होता.

साखराने दोन्ही कढया साहेबांपुढे ठेवल्या.

"पोरांनी वरून मीठ टाकलंय," आप्पाराव म्हणाले.

"मग साहेबांनीच करून बघावं," भारत म्हणाला.

बद्रीनाथपंतांनी खरंच बाह्या सावरल्या. खडे त्यांनी स्वतः काढले, पाणी स्वतः गाळलं आणि कढया चुलीवर असेपर्यंत तिथून हलले नाहीत. निकाल तोच आला. मग साखराच्या सांगण्यावरून त्यांनी खाऱ्या विहिरीचं पाणी आटवलं. तळाला तसंच कवच.

"विहिरीचं पाणी चुन्यात घातलं, गुत्तेदार?"

"घातलं असेल साहेब, पण ते काही खारं न्हाई. मी सोता पितो."

साखरा त्याच विहिरीवरून तांब्या भरून घेऊन आली. "काका, उन्हात दमलात. घ्या."

सगळे बघत होते. आप्पारावांनी एक घोट घेतला, गाल फुगवले, आणि पुढच्याच क्षणी तो घोट मोहनरावांच्या जोड्यांवर पडला.

तात्याबासुद्धा हसला.

"चुन्यातलं मीठ पावसाच्या पाण्याबरोबर दगडात शिरतं," बद्रीनाथपंत म्हणाले. "ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ आत राहतं आणि फुगून पापुद्रे ढकलतं. मेंढ्या फक्त वर आलेलं मीठ चाटत होत्या. ही भिंत पुन्हा उतरवायची. या वेळी चुना नदीच्या पाण्यात, गुत्तेदारांच्या खर्चानं."

"आणि हत्ती?" साखराने विचारलं.

"गोड्या पाण्यात मळलेल्या चिकणमातीचा लेप लावायचा. माती वाळताना दगडातलं मीठ ओढून घेते. पुन्हा पुन्हा लावावा लागेल. गेलेले कान येणार नाहीत, पण राहिलेले टिकतील."

मोहनरावांनी ओले जोडे काढून ठेवले आणि अनवाणी तात्याबासमोर गेले. "तात्याबा, मी न बघता बोललो. माझं चुकलं. हे रान तुमचंच हाय."

तात्याबाने फेटा डोक्यावर चढवला. "पोरं नसती तर आज आमी वडवणीच्या वाटंला लागलो असतो, पाटील."

"तुमच्या पोरांनी माझं निम्मं काम केलं," बद्रीनाथपंत म्हणाले. "उरलेलं त्यांच्याच हातून करून घेतो. सुट्टी किती उरली रे?"

भारत उत्तर देणार, तोवर साखरा आणि सटवा घागर घेऊन नदीच्या वाटेला लागले होते.