आईला चालणारं पाणी

विहिरीवरून भरली घागर घेऊन मी वळले, आणि फस्सकन अंगावर पाण्याचा फवारा! भिंगारच्या आमच्या बोळात नळाचे पाईप टाकत होते. खड्ड्यातल्या फिटरच्या हातून जोड सुटला आणि मी नखशिखांत भिजले. सोवळं मोडलं. आता पुन्हा आंघोळ, पुन्हा विहीर.

"डोळे आहेत की बटणं?" मी विचारलं.

तो पाना हातात धरून उभा राहिला. "डोळंच हायेत," म्हणाला. "आज पयल्यांदा कामाला आले."

मी तरातरा घरी गेले. उंबरठ्याशी मात्र... हसू फुटलंच मेलं!

त्याचं नाव मच्छिंद्र. पारनेरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, युद्धाच्या भरतीत छावणीतल्या पाणीखात्यात लागलेला. आमचे बाबा, विष्णुपंत, छावणीतच कारकून. त्यांनी आमच्या परसात नळ मंजूर करून घेतला होता. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण माझं तोंड उतरलं. मोठी झाल्यापासून एकटीनं बाहेर पडायला मला विहीर तेवढी उरली होती. नळ परसात आला की मी, अंबिकाबाई, कायमची घरात!

नळ बसवताना आईनं लांबूनच विचारलं, की तोटीत पाणी अडवतं कोण? मच्छिंद्रनं सरळ सांगून टाकलं, चामड्याचा वायसर. झालं! आईनं कानांवर हात ठेवले. नळाचं पाणी धुण्याभांड्याला. देवाचं आणि पिण्याचं विहिरीवरूनच यायचं. बाबा कुरकुरले, पण स्वयंपाकघरात राज्य आईचं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

बोळातल्या नळांना पाणी सोडायची चावी विहिरीजवळच होती. मच्छिंद्र रोज सकाळी ती फिरवायला यायचा. थंडीचे दिवस, बोलताना तोंडातून वाफा निघायच्या. तो म्हणायचा, तुमचा रहाट तुमच्यासारखाच कुरकुरतो. मी म्हणायचे, मग ऐकायला येता कशाला? एके दिवशी त्यानं रहाटाला तेल घातलं. पाणी भराभर निघू लागलं... आणि मीच घागर सावकाश भरू लागले.

एकदा तो खाली बघत म्हणाला, "रबराचा वायसर बी असतोय. रबर म्हंजे झाडाचा चीक, तुमच्या आईला चालंल. लढाईपायी मिळत न्हाई, पन मी सायकलीच्या जुन्या ट्यूबचा कापून ठिवलाय. लई दिस झाले."

"मग बसवला का नाही?"

त्यानं माझ्या हातांवरचे दोराचे वळ पाहिले. "ह्ये हात बगितले की वाटतं, आजच बसवावा. मग वाटतं... उद्या तुमी दिसनार न्हाई."

"नका बसवू," मी म्हणाले. "हात माझे आहेत."

त्या दिवशी घागर डोक्यावर होती की नव्हती, मला कळलं नाही. जीव जडला होता माझा त्याच्यावर, अगदी वेड्यासारखा. पण ब्राह्मणाची मुलगी मी, घरी कुणाला सांगू?

फाल्गुनात मिरजगावच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. नाव ठेवायला जागा नव्हती, तेच तर दुखणं! मला आता लग्न नको, असं मी सांगून पाहिलं. आई म्हणाली, सगळ्याच मुली असं म्हणतात. बाबांनी वैशाखातला मुहूर्त धरला.

साखरपुड्याच्या दिवशी पाण्याला आई गेली. तिला दमा. बराच वेळ आली नाही म्हणून मी धावले, तर विहिरीच्या पायरीवर बसून ती श्वासासाठी तडफडत होती. मच्छिंद्र शेजारी उभा होता. तिच्या सोवळ्याच्या घागरीला त्याला हात लावता येत नव्हता.

मी गेल्यावर हे रोजचंच होणार होतं. ती मेली असती, पण चामड्याचं पाणी प्याली नसती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, "आता बसवा."

तो कितीतरी वेळ चावीशी खेळत राहिला. "अंबिका," पहिल्यांदाच नावानं म्हणाला, "तुमी मला लई आवडता. येकदाचं बोलून टाकतो, म्हंजे मनात ऱ्हानार न्हाई."

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हणाले. "आणि माझ्या मनातच राहणार आहे."

तो दुपारी आला. आईनं रबराची चकती लांबूनच निरखली, झाडाच्या चिकाची खात्री दोनदोनदा करून घेतली, मगच बसवू दिली. तोटी धुऊन पहिला कलश देवापुढे गेला. आई घोटभर प्याली आणि प्रसन्न झाली. म्हणाली, अंबू, त्यालाही पाणी दे गं.

तो परसात वाकला, ओंजळ तोंडाशी धरली. मी वरून धार धरली. पुरे झालं की पिणारा मान हलवतो. तो हलवेना... मीही थांबेना. पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं. तांब्या संपला, तेव्हा कुठे तो उठला. तोंड पुसता पुसता त्यानं डोळेही पुसले. "येतो," म्हणाला, आणि गेला.

पहाटे मी सवयीनं उठले, आंघोळ केली, घागर उचलली.

"कुठं निघालीस?" आईनं आतून विचारलं. "नळाला पाणी आलंय की."