पाणी उतरतंय, साहेब

ही घटना खरी आहे. कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. धनश्रीलाही बरेच दिवस ती खोटीच ठरावी असं वाटत होतं.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. रात्र नव्हती, भर दुपारचे सव्वाबारा वाजले होते. माजलगावहून धारूरकडे जाताना एक साखर कारखाना लागतो. नाव सांगत नाही. हंगाम संपून दोन महिने झालेले. ऊस टाकायची गव्हाण रिकामी, भोंगा मुका, बॉयलर थंड.

त्याच बॉयलरवर पाच महिन्यांपूर्वी धनश्रीचे वडील रामकिसन गेले होते.

चौकशीत लिहिलं गेलं, 'अटेंडंट कामावर झोपला. ड्रममधलं पाणी संपलं, नळी फुटली.'

बावीस वर्षांत हा माणूस कामावर खाली बसून जेवला नव्हता. उभ्याने डबा खायचा. डोळा पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर.

धनश्री पुण्यात संगणकाच्या बोर्डांवर काम करते. कारखान्याचं कंट्रोल मशीन तपासायचं काम तिच्या कंपनीकडे आलं, तेव्हा तिने ते मागून घेतलं. आडनाव सासरचं. कारखान्याच्या ऑफिसात कुणाला पत्ता लागला नाही.

फाटकावरच्या बंकटला मात्र लागला.

"रामकिसनची पोरगी ना गं तू? नाक त्याचंच हाय."

"मामा, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलतो?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "त्या दिशी मी तितंच व्हतो. तुज्या बापानं कंट्रोल रूमला तीनदा फोन केला. पाणी उतरतंय, साहेब. तीनदा. अन् अभिमन्यूसाहेब म्हनले, अलार्म वाजला का? न्हाई ना? मग चालू ठेव."

"हे चौकशीत सांगितलंत?"

बंकटने फाटकाची कडी काढली.

"नोकरी हाय, बाई."

अभिमन्यू कंट्रोल रूमचा इन्चार्ज. पान खाऊन, हसतमुखाने आला.

"मॅडम, एवढं उघडून कशाला बसलात? डिस्क नवीकोरी टाकलीय मी. जुनी डिसेंबरातच जळाली."

डिस्क नवी होती. पण बोर्ड जुनाच होता.

मशीन सुरू झालं की पडदा उजळण्याआधी काही सेकंद एकटा बोर्डच जागा असतो. कुठल्या सेन्सरचं कार्ड चालू ठेवायचं, कुठलं बंद, हे तो तेव्हाच ठरवतो. त्यात कुणी हात घातला तर तारीख-वेळ आपल्याच चिपमध्ये टिपून ठेवतो. डिस्क बदलून ते पुसलं जात नाही. अभिमन्यूला हे ठाऊक नव्हतं.

वाचायला पडदाही लागत नाही. सिरियल पोर्टला केबल लावायची, दुसरं टोक आपल्या लॅपटॉपला. बोर्ड एकेक ओळ पाठवत जातो.

धनश्रीने सेटिंगमध्ये जाऊन तो पोर्ट सुरू केला. पुढे जाण्याआधी कळ दाबून थांबवता यावं म्हणून तीन सेकंदांची मुदत लावली. मशीन पुन्हा चालू केलं.

ओळी आल्या.

चौदा डिसेंबर, सकाळी नऊ दहा. पाण्याच्या पातळीचं कार्ड... बंद.

चौदा डिसेंबर, दुपारी दोन चाळीस. तेच कार्ड... चालू.

नळी फुटली होती एक वाजून पाच मिनिटांनी. त्या वेळी अलार्म वाजणं शक्यच नव्हतं.

तिने सगळं उतरवून घेतलं. मशीन बंद केलं. प्लग काढून फरशीवर ठेवला.

अभिमन्यू मागे उभा राहून वाचत होता. मग वाकून त्याने तिचा चेहरा, तिचं नाक निरखलं.

"रामकिसन कोण तुमचे?"

"वडील."

त्याचं हसू गेलं. मग परत आलं.

"अहो, सेन्सरच खोटा होता. दर तासाला अलार्म, दर तासाला गाळप बंद. वरून शिव्या मला! अन् खरं सांगू? म्हातारा थकलाच होता."

धनश्री लॅपटॉपवर फाइलची दुसरी प्रत काढू लागली.

"थांबा. वर ड्रमपाशी जाऊन सेन्सरची वायरच काढून आणतो. बघा स्वतःच, कशी सडलीय."

लोखंडी जिन्यावर त्याचे बूट वाजत गेले. मग तेही ऐकू येईनात.

आणि लॅपटॉपवर एक ओळ आली...

पातळी पन्नास.

धनश्रीने खाली पाहिलं. प्लग फरशीवरच होता.

पातळी चाळीस.

ड्रम तर सफाईसाठी उघडा, कोरडा ठणठणीत होता.

पातळी तीस... वीस...

मग आकडे थांबले. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. तिचे वडील मोबाइलवर तिला असंच लिहायचे.

पाणी उतरतंय, साहेब.

पाणी उतरतंय, साहेब.

पाणी उतरतंय, साहेब.

खोलीत ओल्या बगॅसचा, पिळलेल्या उसाच्या चिपाडाचा वास आला. हंगामातला.

त्याखाली बोर्डाची नेहमीची ओळ उमटली. थांबवायचं असेल तर कोणतीही कळ दाबा.

दहा.

तिने तीन लावले होते.

नऊ. आठ.

वरून बारीक आवाज आला. कुकरची शिटी सुटण्याआधी येतो तसा.

"मॅडम, ही वाफ कुठून येतीय?"

सात. सहा.

धनश्रीचं बोट कळीवर होतं.

"मॅडम! बंद करा! बंद करा ना ओ!"

पाच. चार.

तिने हात उचलला... आणि मांडीवर ठेवला.

तीन. दोन. एक.

बंकट धावत आला. त्याने बॉयलरला हात लावला, तर तो गारच होता. ड्रमच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं, अखंड. जवळच अभिमन्यू पडला होता. दोन दिवस जगला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'वाफेने भाजला.' ही वाफ आली कुठून, ते कुणीच लिहिलं नाही.

धनश्रीने उतरवलेली फाइल फेरचौकशीत मान्य झाली. रामकिसनवरचा ठपका निघाला. तसं पत्र आलं, त्या दिवशी धनश्रीच्या आईने, वत्सलाबाईंनी, ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग लेकीकडे पाहिलं.

"धने, तो मानूस वर हाय हे तुला ठाऊक व्हतं का गं?"

"नाही, आई."

"मग त्यानं हाक तरी मारली आसंल की."

"मला ऐकू नाही आली."

आईने पत्राची घडी घातली. मग आत गेली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

धनश्री अजून तेच काम करते. वेगवेगळी गावं, वेगवेगळी मशीनं. केबल लावते. तीन सेकंदांची मुदत लावते.

मोजणी दहापासून सुरू होते.

आता ती दर वेळी कळ दाबते. पहिल्याच आकड्याला दाबते. दाबून धरते.

मोजणी थांबत नाही...